आधी मलम की आधी मॉइश्चरायझर?

भिवंडीतल्या धामणकर नाक्याच्या आसपास काम करणाऱ्या माणसांचे हात पाहिले, तर त्वचेला त्रास व्हावा अशी जवळजवळ सगळी कारणे एकाच गावात जमा झाल्यासारखी वाटतात. यंत्रमागाच्या कारखान्यात सुताचा बारीक कचरा, तेल आणि ग्रीस. सायझिंगमध्ये खळ आणि वाफ. गोदामांत दिवसभर पुठ्ठ्याची खोकी उचलायची आणि कोरडा पुठ्ठा हाताचे तेल टिपकागदासारखे ओढून घेतो. घरात भांडी, कपडे, लसूण सोलणे, फरशी पुसण्याचे औषध. काम संपल्यावर काळे झालेले हात लवकर साफ व्हावेत म्हणून बरेच जण कपड्यांची पावडरच हातावर चोळतात. मग कधीतरी बोटांच्या बेचक्यात, मनगटावर किंवा हाताच्या पाठीवर खाज सुरू होते. कातडी खरखरीत होते, चिरते, रात्री झोप लागत नाही.

पुढचा टप्पा ठरलेला असतो. मेडिकलमध्ये जाऊन ‘खाजेची ट्यूब’ मागायची. ट्यूब लावली की दोन दिवसांत आराम पडतो. आठवड्याने खाज परत येते, पुन्हा तीच ट्यूब. असे काही महिने गेल्यावर कोणीतरी सांगते, ‘अहो, त्यात स्टेरॉइड आहे, कातडी जळेल.’ मग माणूस घाबरतो आणि सगळेच बंद करतो. खाज दुपटीने उसळते. या सगळ्या काळात साधे मॉइश्चरायझर मात्र कोणी आणलेलेच नसते. ते बायकांचे सौंदर्यप्रसाधन, औषध नव्हे, अशी समजूत. गोदामात खोकी उचलणारा माणूस क्रीम लावून बसला तर लोक हसतील, हीही भीती असतेच.

खरे तर इसबाच्या उपचारात ही दोन्ही औषधेच आहेत. दोघांची कामे वेगळी आहेत आणि एकाचे काम दुसरे करू शकत नाही. आपल्याकडे प्रमाण नेमके उलटे झाले आहे. जे थोडे दिवस लावायचे ते महिनोन्महिने चालते आणि जे रोज भरपूर लावायचे ते लावलेच जात नाही.

आधी त्वचेकडे पाहू. तिचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असतो. या पेशी विटांसारख्या रचलेल्या असतात आणि मधल्या फटींत सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्ले यांचे सिमेंट भरलेले असते. ही भिंत आतले पाणी बाहेर जाऊ देत नाही आणि बाहेरचा साबण, धूळ, जंतू आत येऊ देत नाही. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते, तिचा सामू साधारण पाचच्या आसपास. आपला नेहमीचा वडीचा साबण नऊ-दहा सामूचा, म्हणजे चांगलाच अल्कधर्मी. तो मळाबरोबर ते सिमेंटही धुऊन नेतो. काही माणसांची भिंत जन्मतःच कच्ची असते. फिलॅग्रिन नावाचे प्रथिन बनवणाऱ्या जनुकातला दोष आणि लहान मुलांचे इसब यांचा संबंध २००६ साली स्कॉटलंडमधल्या डंडी येथील संशोधकांनी दाखवून दिला आणि इसबाकडे पाहण्याची डॉक्टरांची नजरच बदलली. तोवर हा मुख्यतः ॲलर्जीचा आजार मानला जाई. आता असे समजले जाते की पुष्कळदा भिंत आधी ढासळते आणि दाह नंतर येतो.

भिंतीला तडे गेले की बाहेरच्या गोष्टी आत शिरतात. त्वचेतल्या रोगप्रतिकारक पेशी खवळतात, दाह होतो, खाज सुटते. खाजवले की भिंत आणखी मोडते. काट्याचा नायटा होतो तो असा.

मॉइश्चरायझर भिंतीच्या फटी बुजवते आणि पाणी आत अडवते. त्यातले ग्लिसरीन पाणी धरून ठेवते, पॅराफिन किंवा पेट्रोलियम जेली वरून झाकण घालते. पण पेटलेला दाह ते विझवू शकत नाही. ते काम स्टेरॉइडचे. स्टेरॉइड खवळलेल्या पेशींना शांत करते, सूज उतरवते, खाज थांबवते. पण ते भिंत बांधत नाही. उलट फार दिवस लावले तर भिंत पातळ करते. म्हणून दाह असताना दोन्ही हवीत आणि दाह शमला की एकच, मॉइश्चरायझर, पुढे चालू ठेवायचे. कॉक्रेन या संस्थेने २०१७ साली इसबातल्या मॉइश्चरायझरवरच्या चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला होता. त्यात नियमित मॉइश्चरायझर वापरणाऱ्यांत आजार पुन्हा उसळण्याचे प्रमाण कमी दिसले आणि स्टेरॉइडही कमी लागले. पैशांच्या हिशेबानेही हे सोयीचे आहे.

स्टेरॉइड या शब्दाची धास्ती का बसली, हे समजण्यासारखे आहे. कॉर्टिसोनच्या शोधासाठी केंडॉल, राइखश्टाइन आणि हेंच यांना १९५० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. त्वचेवर कॉर्टिसोन लावून पाहिले तर त्याचा उपयोग झाला नाही. मग १९५२ साली अमेरिकेत सुल्झबर्गर आणि विटन यांनी त्याचेच भावंड असलेले हायड्रोकॉर्टिसोन लावून पाहिले आणि ते लागू पडले. त्वचारोगांच्या उपचारात इतका मोठा फरक पाडणारी औषधे थोडीच. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत कंपन्यांनी त्याहून कितीतरी जहाल रेणू तयार केले. आज ‘स्टेरॉइड क्रीम’ या एकाच नावाखाली जे विकले जाते, त्यातल्या सर्वांत सौम्य आणि सर्वांत जहाल औषधाच्या ताकदीत शेकडो पटींचा फरक असतो. भीतीही सरसकट आणि वापरही सरसकट, असे झाले ते यामुळे.

ट्यूबवरचे बारीक अक्षर

घरात पडलेली ट्यूब उचला आणि ब्रँडच्या मोठ्या नावाखालचे बारीक अक्षर वाचा. चष्मा लागला तरी वाचा. हायड्रोकॉर्टिसोन १ टक्का किंवा डेसोनाइड ०.०५ टक्का असेल तर ते सौम्य. क्लोबीटासोन ब्युटिरेट मध्यम. मोमेटासोन आणि बीटामेथासोन व्हॅलरेट ०.१ टक्का जोरदार. क्लोबीटासॉल प्रोपिओनेट ०.०५ टक्का अतिजोरदार.

इथे दोन खड्डे आहेत. पहिला टक्क्यांचा. ०.०५ हा आकडा १ पेक्षा लहान, म्हणून ते औषध हलके, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात ०.०५ टक्क्याचे क्लोबीटासॉल १ टक्क्याच्या हायड्रोकॉर्टिसोनपेक्षा शेकडो पट ताकदवान आहे. वेगवेगळ्या रेणूंचे टक्के एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत. दुसरा खड्डा नावांचा. क्लोबीटासोन आणि क्लोबीटासॉल यांत एका अक्षराचा फरक, पण एक मध्यम आणि दुसरे सर्वांत जहाल. फोनवर नाव सांगून कुणाकडून ट्यूब मागवत असाल तर त्यापेक्षा जुन्या खोक्याचा फोटो पाठवा. हायड्रोकॉर्टिसोनच्या पुढे ‘ब्युटिरेट’ असे लिहिले असेल तर तेही सौम्य राहत नाही, हे जाता जाता.

आणि यादीत स्टेरॉइडबरोबर बुरशीचे एक औषध, जंतूंचे एक, वर आणखी एक प्रतिजैविक अशी तीन-चार नावे दिसली, तर ती ट्यूब इसबासाठी स्वतःहून वापरू नका. आपल्या बाजारातली ही खिचडी भारतीय त्वचारोगतज्ज्ञांची जुनी डोकेदुखी आहे. निदान न करता सगळ्यांवर एकच औषध, ही तिच्यामागची कल्पना. खाज कशाचीही असो, त्यातले स्टेरॉइड दोन दिवस आराम देते आणि रोग आतल्या आत पसरत राहतो.

हे इसबच आहे ना?

सौम्य स्टेरॉइड आणि मॉइश्चरायझरची जोडी इसबासाठी आहे, प्रत्येक खाजेसाठी नाही. गेल्या दहा-बारा वर्षांत आपल्याकडे गजकर्णाची साथ म्हणावी असा प्रकार झाला आहे. कंबरेवर, जांघेत, काखेत गोल चट्टे येतात, कडेला उंचवटा आणि पापुद्रे, मध्ये त्वचा बरी झाल्यासारखी. घरातल्या दोघा-तिघांना एकदम होते. या साथीला कारण असलेल्या बुरशीला जपानी संशोधकांनी २०२० मध्ये ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असे नाव दिले. नावातच भारत आहे, हे काही अभिमानाने सांगण्यासारखे नाही. नेहमीच्या बुरशीनाशक गोळ्यांना ती अनेकदा दाद देत नाही. गजकर्णावर स्टेरॉइड लावले की कड पुसट होते, खाज थांबते, आणि बुरशीला मात्र मोकळे रान मिळते. मग डॉक्टरांनाही ते चटकन ओळखू येत नाही.

एकाच खोलीत आठ-दहा जण राहत असतील, पाळीपाळीने त्याच अंथरुणावर झोपत असतील आणि रात्रीच खाज जास्त सुटत असेल, तर खरूज आठवली पाहिजे. बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, बेंबीभोवती बारीक पुरळ येते. खरजेला वेगळे औषध लागते आणि ते खोलीतल्या सगळ्यांनी एकाच दिवशी लावावे लागते. फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि तिथे खाज नसून बधिरपणा असेल, तर कोणतेही मलम न लावता सरळ सरकारी दवाखाना गाठावा. कुष्ठरोगाचे निदान आणि औषध दोन्ही तिथे मोफत मिळते आणि वेळेवर औषध घेतले तर हात-पाय शाबूत राहतात.

इसबाला अशी ठसठशीत कड नसते. ते हळूहळू निरोगी त्वचेत मिसळत जाते. लहान मुलांत गालावर, मोठ्या मुलांत कोपराच्या आणि गुडघ्याच्या मागच्या घडीत, कामकऱ्यांत हातांवर दिसते. पुस्तकांतले फोटो बहुतेक गोऱ्या त्वचेचे असल्यामुळे ‘लाल पुरळ’ हे शब्द आपल्या डोक्यात बसले आहेत. सावळ्या त्वचेवर ते लाल न दिसता जांभळट, राखाडी किंवा नुसते गडद तपकिरी दिसते.

याच गडद रंगातून एक मोठी चूक जन्म घेते. दाह शमतो, खाज जाते, खरखर जाते, पण काळा डाग उरतो. रोग अजून आहे असे समजून माणूस स्टेरॉइड चालूच ठेवतो. तो डाग म्हणजे दाहाने मागे ठेवलेली खूण असते. ती आपोआप पुसट होते, तिला काही महिने लागतात. हात फिरवून पाहा. त्वचा मऊ लागली आणि खाज नसली, तर स्टेरॉइडचे काम संपले आहे, रंग काहीही असो.

किती आणि कसे

आता मूळ प्रश्न, आधी काय लावायचे. एका पक्षाचे डॉक्टर सांगतात, आधी स्टेरॉइड, म्हणजे ते थेट त्वचेला भिडेल. दुसरे सांगतात, आधी मॉइश्चरायझर, म्हणजे त्वचा मऊ होऊन औषध नीट पसरेल. लहान मुलांवर झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात दोन्ही क्रमांनी सारखाच गुण आला. तेव्हा क्रमावरून घरात वाद घालू नये. तुम्हाला लक्षात राहील तो क्रम धरा. मात्र दोन्हींमध्ये पंधरा ते तीस मिनिटांचे अंतर ठेवा. लगेच एकावर दुसरे चोपडले तर स्टेरॉइड पातळ होते आणि घसरून निरोगी त्वचेवर जाते, जिथे त्याचे काहीच काम नाही. सकाळी पाळीला जायची घाई असेल तर सोपा तोडगा असा: सकाळी फक्त मॉइश्चरायझर, रात्री झोपण्याआधी स्टेरॉइड, आणि त्या दोहोंत गल्लत नाही. दिवसातून एकदाच स्टेरॉइड लावणे बहुतेकांना पुरते. जोरदार स्टेरॉइड दिवसातून एकदा लावले काय आणि दोनदा लावले काय, गुण साधारण तेवढाच येतो, असे २०२२ च्या कॉक्रेन आढाव्यातही दिसले आहे.

दोन्ही औषधे तळहातावर कालवून एकदम लावणे, किंवा स्टेरॉइडची ट्यूब मॉइश्चरायझरच्या डबीत पिळून ‘हलके’ औषध तयार करणे, हे करू नये. त्यामुळे ताकद नेमकी किती उरली ते कोणालाच सांगता येत नाही आणि क्रीम टिकवण्यासाठी घातलेल्या द्रव्यांचा तोलही बिघडतो.

‘थोडेसे लावा’ या सल्ल्याने फार घोळ केला आहे. थोडेसे म्हणजे किती? यावर १९९१ मध्ये ब्रिटनमधल्या लाँग आणि फिन्ले यांनी एक छान माप दिले. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून मलमाची रेघ काढायची. ते झाले एक माप, साधारण अर्धा ग्रॅम. बोटांसकट दोन तळहात ठेवले तर जेवढी जागा झाकली जाते, तेवढ्या त्वचेला ते पुरते. हाताच्या दोन्ही बाजूंना इसब असेल तर एका हाताला एक माप. माप नेहमी मोठ्या माणसाच्या बोटाचे आणि तळहातही मोठ्या माणसाचाच, रुग्ण लहान मूल असले तरी. तूर भिजत घालावी तसे दाणादाणा मोजून लावले तर दाह अर्धवट विझतो आणि औषध लांबत जाते. दुखऱ्या भागावर हलक्या हाताने, केसांच्या दिशेने पसरवा. चोळायची गरज नाही.

मॉइश्चरायझरला मात्र असे माप नाही, ते सढळ हाताने. स्टेरॉइडच्या दहापट मॉइश्चरायझर संपले पाहिजे, असा ब्रिटनमधल्या डॉक्टरांचा एक ढोबळ अंदाज आहे. महिन्याभरात स्टेरॉइडच्या तीन ट्यूब आणि मॉइश्चरायझरची एक छोटी बाटली, असा घरातला हिशेब असेल तर काहीतरी चुकते आहे हे नक्की.

कोणते मॉइश्चरायझर, हा प्रश्न जाहिरातींनी फार अवघड करून ठेवला आहे. ब्रिटनमध्ये इसब असलेल्या ५५० मुलांवर लोशन, क्रीम, जेल आणि ऑइंटमेंट असे चार प्रकार ताडून पाहण्यात आले. २०२२ मध्ये निष्कर्ष आला: गुणात फरक नाही. जे अंगाला मानवते आणि रोज लावले जाते तेच चांगले. भिवंडीच्या एप्रिल-मेच्या घामात जाड ऑइंटमेंट अंगभर लावले तर केसांच्या मुळाशी पुळ्या येतात, तेव्हा उन्हाळ्यात लोशन किंवा हलके क्रीम बरे. थंडीत आणि भेगाळलेल्या हातांना रात्री साधी पांढरी पेट्रोलियम जेली. ती स्वस्त आहे, सुगंध नसलेली मिळते, आणि लावून वर जुने सुती मोजे हातात चढवून झोपले तर चार-पाच दिवसांत चिरा मिटू लागतात. युरिया किंवा लॅक्टिक ॲसिड असलेली क्रीमे चिरलेल्या कातडीवर झोंबतात. त्वचा भरून आल्यावर ती वापरावीत.

तेलांचे काय? खोबरेल तेलाच्या बाजूने थोडा पुरावा आहे. फिलिपिन्समध्ये मुलांवर झालेल्या चाचणीत ते खनिज तेलापेक्षा सरस ठरले होते. आपल्या आज्यांना ते कळवायची गरज नाही. मोहरीच्या तेलाबद्दल मात्र सावध राहावे. उत्तरेकडून भिवंडीत आलेल्या अनेक कुटुंबांत बाळाला त्याच तेलाने मालिश करतात. निरोगी बाळाला त्याने काही झाले नाही तरी इसबाच्या कच्च्या त्वचेची भिंत ते आणखी बिघडवू शकते. ऑलिव्ह तेलाचेही तसेच, ते कितीही महाग असले तरी.

मॉइश्चरायझर लावण्याची उत्तम वेळ म्हणजे आंघोळीनंतरची पहिली दोन-तीन मिनिटे. अंग रगडून न पुसता टिपून घ्यायचे आणि किंचित ओले असतानाच लावायचे. आंघोळीचे पाणी कोमट. कढत पाण्याने खाज क्षणभर थांबते, म्हणून लोकांना ते आवडते, पण नंतर ती दामदुपटीने येते. दिवसातून पाच वेळा वजू करणाऱ्यांचे हात-पाय वारंवार ओले होऊन वाळतात. प्रत्येक वेळी टिपून थोडे क्रीम लावायची सवय केली तर पाणी त्रास देत नाही. कारखान्याच्या किंवा गोदामाच्या खिशात बसेल अशी छोटी डबी त्यासाठीच ठेवायची. भांडी घासताना नुसते रबरी हातमोजे घातले तर आत घाम साचून चिडचिड वाढते. आत पातळ सुती मोजे हवेत.

कुठे, किती दिवस

अंगाची सगळी कातडी सारखी नसते. फेल्डमन आणि मायबाख यांनी १९६७ मध्ये मोजून पाहिले होते. हाताच्या पुढच्या भागावर हायड्रोकॉर्टिसोन जेवढे शोषले जाते त्याच्या सहापट कपाळावर, तेरापट जबड्याच्या कडेवर आणि बेचाळीसपट वृषणाच्या त्वचेवर शोषले जाते. तळपायावर मात्र सातवा हिस्सा. म्हणजे तळहाताला डॉक्टरांनी दिलेले जोरदार मलम तेच उरले म्हणून जांघेत किंवा पापणीवर लावणे धोक्याचे आहे. चेहरा, मान, काख, जांघ इथे सौम्यच, आणि तेही पाच-सात दिवस. पापण्यांना डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय काहीच नाही, कारण तिथून औषध डोळ्यात उतरते आणि डोळ्यातला दाब वाढू शकतो. बाळाच्या डायपरखाली झाकली गेलेली त्वचा औषध जास्त ओढते, म्हणून तिथेही स्वतःहून लावू नये.

हातापायांवर, अंगावर सौम्य स्टेरॉइड दाह शमेपर्यंत, साधारण एक ते दोन आठवडे. सात दिवस नीट मापाने लावूनही काहीच फरक नसेल, तर ट्यूब बदलून पाहण्यापेक्षा निदान तपासून घ्यावे. ज्यांचे इसब वारंवार उसळते त्यांना डॉक्टर कधी कधी आठवड्यातून दोन दिवस नेहमीच्या जागी स्टेरॉइड आणि रोज मॉइश्चरायझर अशी पद्धत सांगतात. ती उपयोगी ठरली आहे, पण ती देखरेखीखालीच.

एवढ्या मर्यादेत वापरले तर कातडी जळते का? २०२२ च्या ज्या आढाव्याचा वर उल्लेख आला, त्यात त्वचा पातळ होण्याची नोंद ठेवणाऱ्या चाचण्यांतल्या २२६६ जणांपैकी २६ जणांमध्ये ते दिसले, आणि त्यातही बहुतेक जण जोरदार किंवा अतिजोरदार स्टेरॉइड वापरणारे होते. चाचण्या थोड्या मुदतीच्या होत्या हे खरे. पण सौम्य मलमाच्या दोन आठवड्यांना घाबरून रात्रभर रडणारे मूल तसेच ठेवणे, याचा हिशेब मला तरी जुळत नाही. न झोपलेले मूल शाळेत डुलक्या घेते. खाजवून फोडलेल्या जागी जंतू जातात. चिरलेल्या हातांच्या माणसाची हजेरी बुडते.

धोका खरा आहे तो वेगळ्या ठिकाणी. २०११ मध्ये देशातल्या बारा केंद्रांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे आलेल्या २९२६ जणांपैकी ४३३ जण, म्हणजे दर सात माणसांत एक, चेहऱ्याला स्टेरॉइड लावत होते. बहुतेक जण गोरे होण्यासाठी किंवा मुरमांसाठी. अशा चेहऱ्यावर बारीक लाल शिरा दिसू लागतात, लव वाढते, पुळ्या येतात, आणि क्रीम बंद केले की आग होते. म्हणून माणूस पुन्हा क्रीमकडेच जातो. डॉक्टरांच्या संघटनांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केल्यावर केंद्र सरकारने मार्च २०१८ मध्ये १४ स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशा औषधांच्या, म्हणजे अनुसूची ‘एच’च्या, यादीत स्पष्टपणे घातली. कायदा आहे. काउंटरवर तो किती पाळला जातो, हे वाचकांना माझ्यापेक्षा चांगले माहीत आहे. असे क्रीम महिनोन्महिने लावत असाल तर एकदम फेकून देऊ नका. त्वचारोगतज्ज्ञांच्या मदतीने हळूहळू सोडवा.

एक गोष्ट घरोघरी सांगायला हवी. मॉइश्चरायझर स्वतः पेट घेत नाही, पण ते कपड्यात, चादरीत, पट्टीत मुरले आणि वाळले की त्या कापडाला आग झटकन लागते आणि वेगाने पसरते. ब्रिटनच्या औषध नियंत्रकांनी २०१८ मध्ये याबद्दल इशारा दिला होता, आणि पॅराफिन नसलेल्या मॉइश्चरायझरलाही तो लागू आहे. क्रीम लावून त्याच ओढणीत किंवा बनियनमध्ये गॅससमोर उभे राहू नये, बिडी-सिगारेट ओढू नये. धुतल्याने डाग जातो, सगळा अंश जातोच असे नाही.

इसबावर पिवळसर खपल्या धरल्या, पू आला किंवा भोवतालची त्वचा गरम झाली, तर जंतुसंसर्ग झाला आहे. त्यावर नुसते स्टेरॉइड पुरत नाही, त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना दाखवावे. आणि इसब असलेल्या मुलाला ताप आला, ते मलूल झाले आणि अंगावर एकसारख्या आकाराचे बारीक फोड येऊन फुटल्यावर टोचा मारल्यासारखे खड्डे दिसू लागले, तर तो नागिणीच्या जातकुळीतल्या विषाणूचा, हर्पीसचा संसर्ग असू शकतो. त्याच्यासाठी सकाळची वाट पाहायची नाही. रात्र असली तरी मुलाला घेऊन रुग्णालयात जायचे आणि काय लावले होते ती ट्यूब बरोबर न्यायची.